झाकली मूठ

खोकला आला की आई आधी भिंतीला टेकते नि पाय आवळून घेते. शिंकताना, हंडा उचलताना, हसतानासुद्धा तसंच. चौथ्या बाळंतपणापासून तिला लघवी आवरत नाही. एस.टी.नं जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. हळदीकुंकवाला जात नाही. "बायकांचं असंच असतं ग," म्हणते. आजीही हेच म्हणायची.

असतं खरं, पण असंच राहायला हवं असं नाही. बाळंतपणात मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडतात. खोकल्याचा दाब आला की त्यांना लघवीची वाट आवळून धरता येत नाही. हे स्नायू व्यायामानं बळकट होतात, असं अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलं. लघवी रोखताना आवळतो तो भाग आवळायचा, पाच आकडे मोजायचे, सैल सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. पाणी तोडणं मात्र उलटंच. लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडतं.

१९४८! तेव्हा आईचा जन्मही नव्हता. एवढी जुनी गोष्ट आमच्या घरी पोचली नाही, कारण विचारायला लागणारा शब्दच आम्ही तोंडाबाहेर काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत निघालं ते फक्त ओलं पातळ.

आता भाकरी थापताना आई मनात आकडे मोजते. दीड महिना झाला. गुण किती आला ते सांगत नाही; पण परवा शेजारच्या काकूंना तीच मोजायला शिकवत होती.