वजाचे चिन्ह बाहेर का येते?

अकरावी सायन्सला गेलेली आमच्या वस्तीतली मुले संध्याकाळी अभ्यासिकेत एक वाक्य घोकत असतात : "कॉस वजा गिळतो, साइन वजा बाहेर काढतो." क्लासमध्ये असेच सांगितले म्हणे. का, असे विचारले तर उत्तर नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाच्या हाती एकदम इंग्रजी पुस्तक येते आणि मग पाठांतरावरच भागवावे लागते. दरवर्षी एक-दोघे दिवाळीच्या आत आर्ट्सला निघून जातात. आम्ही स्वतः आर्ट्सवालेच, त्या शाखेला कमी लेखत नाही. पण आवडीने जाणे वेगळे आणि भीतीने जाणे वेगळे.

मित्रहो, यात पंडिताचे काम तरी काय आहे? फरशीवर खडूने वर्तुळ काढा, त्रिज्या १ धरा. मध्यातून एक आडवी रेषा काढा. तिच्या उजव्या टोकापासून वर्तुळावरून वर ३० अंश गेलात की जो बिंदू येतो, त्याचे मध्यापासूनचे आडवे अंतर म्हणजे कोसाइन, आणि आडव्या रेषेपासूनची उंची म्हणजे साइन. ही उंची १/२. आता त्याच टोकापासून तेवढेच खाली जा. हा उणे ३० अंशांचा कोन. आडवे अंतर जिथल्या तिथे. उंची मात्र रेषेच्या खाली गेली, म्हणून उणे १/२. झाले! कोन उलटा केला तरी कोसाइन बदलत नाही, म्हणून ते सम फलन, म्हणजे पुस्तकातले 'ईव्हन फंक्शन'. साइनचे फक्त चिन्ह बदलते, म्हणून ते विषम.

मुले अडतात ती शब्दावर. 'सम' म्हटले की त्यांना २, ४, ६ आठवतात. ते अगदीच गैर नाही. क्षचा दुसरा किंवा चौथा घात घेतला तर वजा नाहीसा होतो, पहिला किंवा तिसरा घेतला तर टिकतो; नाव त्यावरूनच पडले. पण पूर्णांक सम नसला तर विषम असतोच. फलनाचे तसे नाही. साइन आणि कोसाइन यांची बेरीज घ्या : ४५ अंशांना ती वर्गमूळ २ येते, उणे ४५ अंशांना शून्य.

"मग हे कोणत्या रकान्यात टाकायचे?" एका मुलीने विचारले.

कोणत्याच नाही. बहुतेक फलने अशीच असतात, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

तिने मग सेकंट स्वतःच पडताळून पाहिला. १ भागिले कोसाइन, म्हणजे सम. घोकलेल्या वाक्यात सेकंट नव्हता.