तलावांच्या मुलखातून ऊर्जानगरकडे

पोंभुर्ण्याहून चंद्रपूरकडे निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात ती बांध्यांत विभागलेली भाताची शेते आणि त्यांना पाणी देणारे तलाव. लहान तळ्याला येथे बोडी म्हणतात, तर जुने मोठे तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. मालगुजार हा इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनमालक असे. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन देण्याची गोंड राजांची पद्धत होती, असे परंपरा सांगते. पाणी अडवून त्याभोवती वस्ती वसवण्याची ही रीत ध्यानात घेतली, तर या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला असलेली वीज कामगारांची वसाहत वाटते तितकी परकी राहत नाही.

भातशेती मागे पडून साग, मोह आणि बांबूचे रान सुरू होते आणि ते संपता संपता चंद्रपूर येते. गोंड राजांच्या या राजधानीभोवतीचा दगडी परकोट व त्याचे दरवाजे अजून उभे आहेत. त्यांतील जटपुरा दरवाजाबाहेर पडून ताडोब्याच्या रस्त्याला लागले की दुर्गापूरच्या कोळसा खाणी लागतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा इंग्रजांनी वरोऱ्यास 1871 पासूनच काढायला घेतला होता. मात्र त्याच्या तोंडाशीच मोठे वीज केंद्र उभे राहायला आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या चंद्रपूर औष्णिक केंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले. कोळसा जाळून तयार केलेली वाफ टर्बाइन, म्हणजे जनित्राला गती देणारे पात्यांचे चक्र, फिरवून बाहेर पडली की तिचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यासाठी थंड पाण्याचा पुरवठा अखंड असावा लागतो. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला हे पाणी अरबी समुद्राने दिले. चंद्रपूरला समुद्र नव्हता, म्हणून इरई नदीवर धरण बांधून जलाशय करावा लागला. त्याच जलाशयावर चंद्रपूर शहराची तहानही अवलंबून असल्याने पाऊस कमी झाला की दोन्ही गरजा समोरासमोर येतात, आणि 2010 च्या उन्हाळ्यात तर पाण्याअभावी संच बंद ठेवण्याची वेळ आली. आज महानिर्मिती कंपनीकडे असलेल्या या केंद्राची क्षमता, जुने दोन संच मोडीत निघाल्यावर, 2920 मेगावॉट आहे. येथून पडघ्यापर्यंत गेलेली 752 किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी चंद्रपूरची वीज थेट मुंबईच्या परिसरात नेते. धूर आणि राख मात्र येथेच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरचे नाव तिच्या वरच्या टोकाला होते.

या केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेले गाव म्हणजे ऊर्जानगर. हुद्द्याप्रमाणे लहानमोठी होत जाणारी घरे, आखलेले रस्ते आणि तीन पाळ्यांवर बेतलेला दिवस, असे अशा वसाहतींचे ठरलेले रूप येथेही आहे. पण चंद्रपूरच्या उन्हात झाडांची सावली हीच वसाहतीची खरी श्रीमंती म्हणावी लागते. शेजारच्या दुर्गापुरात खाण कामगार आणि कंत्राटी मजूर राहतात, आणि कायम नोकरी व कंत्राटी काम यांतले अंतर या दोन वस्त्यांमधून चालताना कोणालाही उमगावे.

दुर्गापूरवरून हा रस्ता पुढे ज्या ताडोब्याला जातो, ते 1955 पासूनचे राष्ट्रीय उद्यान. त्याचे रान जलाशयाला येऊन भिडते आणि केंद्राच्या आवारातही बाभळीची दाट झुडपे माजलेली असल्याने वाघ-बिबट्यांना आडोसा आणि पाणी दोन्ही मिळते. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. झुडपे तोडावीत, श्वापदे पकडून न्यावीत, अशा मागण्या तेव्हा जोराने झाल्या. त्यांत काही गैर नव्हते, तरी खाण, केंद्र आणि वसाहत ही तिन्ही वाघाच्या वाटेवरच उभी राहिली आहेत, हे त्या गदारोळात फारसे बोलले गेले नाही. पद्मापूर, आगरझरीवरून मोहर्लीच्या प्रवेशद्वाराकडे वाघ पाहायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या याच रस्त्याने जातात, आणि रात्रपाळीचे कामगार दुचाकीवरून केंद्राकडे येतात तेही याच रस्त्याने.