अर्धा सेकंद

मंडळी, माझ्या जुन्या संगणकावर भाच्याने लिनक्स घालून दिलं त्याला बरीच वर्षं झाली. शाळेतली टाचणं, स्नेहसंमेलनांचे फोटो, सगळं त्यात आहे. फायलींचं गाठोडं बांधायचं ते 'टार'ने आणि दाबून लहान करायचं ते 'एक्सझेड'ने. हे एक्सझेड सांभाळतं कोण, हा प्रश्न मला २०२४ पर्यंत पडलाच नव्हता.

फिनलंडचा लासे कोलिन हा गृहस्थ वर्षानुवर्षं, फुकट, जवळजवळ एकट्याने ते सांभाळत होता. २०२२ मध्ये काहींनी तगादा लावला, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मनाची प्रकृती बरी नसते, असं बिचाऱ्याने सांगितलंही. मदतीला 'जिया तान' नावाचा कोणी होता. त्याने विश्वास मिळवला आणि फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० आवृत्तीत, चाचणीच्या फायलींत दडवून, चोरदरवाजा बसवला. मला राग त्याच्यापेक्षा तगादेवाल्यांचा जास्त येतो. असो.

आंद्रेस फ्रॉइंड तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होता. चोर वगैरे त्याच्या मनातही नव्हता. पण डेबियनच्या नव्या, अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर एसएसएचने संगणकात शिरताना पूर्वी ०.३ सेकंद लागायचे, तिथे ०.८ लागू लागले. फक्त अर्धा सेकंद!

आमची बारामती मोरोपंतांची. वर्गात केकावली म्हणून घ्यायचो. पोरगं जिथे थांबू नये तिथे किंचित थांबलं, की मी न बघता ओळखायचो, हातात चिठ्ठी आहे. पण त्यासाठी पृथ्वी वृत्ताची चाल कानात मुरलेली लागते, बरं का.

फ्रॉइंडच्या कानात ती मुरलेली होती. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्याच एका चाचणीत आलेली विचित्र तक्रारही त्याला आठवली. एसएसएचचा एक्सझेडशी थेट संबंध नसतो. डेबियनमध्ये तो सिस्टिमडीच्या वाटेने जुळलेला. ते धागे उसवत तो एक्सझेडपर्यंत पोचला. मूळ भांडारात सगळं नीट दिसत होतं. दरवाजा उघडणारी ओळ फक्त वाटपाच्या गाठोड्यात घातलेली होती. २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीपर्यंत ते अजून गेलेलं नव्हतं.

जिया तान नेमका कोण, ते उघड झालेलं नाही. कोलिन मात्र परत कामाला बसला आणि २९ मे २०२४ ला घाण काढून ५.६.२ दिली.