आष्टीचा रस्ता आणि मागची सीट

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टी 1942 च्या लढ्यामुळे शहीद आष्टी म्हणून ओळखली जाते. आम्ही लिहीत आहोत ती आष्टी जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातली. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर परतूर आणि तिथले रेल्वे स्टेशन. दक्षिणेला गोदावरी, आणि नदी ओलांडली की बीड जिल्ह्यातले माजलगाव. सभोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस. तहसील, कोर्ट, रेल्वे, मोठा दवाखाना यांपैकी कशाचेही काम निघाले की परतूर, नाहीतर थेट जालना. म्हणून आमच्याकडे मोटारसायकल ही चैन नाही. ज्या घरी ती नाही, त्या घरातल्या माणसाला रोज कुणाच्या तरी मागे बसायची विनंती करावी लागते.

यंदा आमच्या आपाच्या घरी मोटारसायकल घ्यायचे ठरले. भाच्याला परतूरला काम मिळाले आहे, रोजचे जाणे-येणे. शिवाय आपाचे गुडघे दुखतात, दर पंधरा दिवसांनी तिला दवाखान्यात न्यावे लागते. पैसा आपाचाच. काही शिलाई मशीनवर बसून साठवलेला, काही कापसाचा. व्याजाच्या हप्त्यावर गाडी घ्यायची नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. तेव्हा नवी नाही, पण चांगल्या स्थितीतली जुनी गाडी बघायची, एवढे नक्की झाले.

भाचा बावीस वर्षांचा. त्याचे मन पल्सर 220 वर बसलेले. आम्ही म्हणालो, अ‍ॅव्हेंजरही बघ. तो हसला. "मामू, ती तुमच्या वयाची गाडी आहे. पाय पुढे टाकून बसायचं आणि झोपायचं."

वाद घालण्यापेक्षा आम्ही ओळखीच्या दोघांकडून दोन्ही गाड्या एका सुटीच्या दिवशी मागून घेतल्या. वाचकांपैकी ज्यांच्या घरी हाच वाद चालू असेल, त्यांनी असेच करावे.

या दोन गाड्यांची गंमत अशी की दोन्ही बजाजच्याच. हा कारखानदार मराठवाड्याला परका नाही. वाळूजचा त्यांचा कारखाना 1985 पासून चालू आहे. पल्सर बाजारात आली 2001 मध्ये, अ‍ॅव्हेंजर 2005 मध्ये. पुढे दोन्ही 220 सीसीमध्ये आल्या, आणि त्यांच्या इंजिनचा गाभा एकच. पल्सरची ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास, अ‍ॅव्हेंजरची एकोणीसच्या. म्हणजे फरक फारसा इंजिनात नाही, बैठकीत आहे. पल्सरची सीट जमिनीपासून 795 मिलिमीटर उंच, अ‍ॅव्हेंजरची 737. हा फरक सव्वादोन इंचांचा. अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांतले अंतर मात्र पल्सरपेक्षा साडेपाच इंचांनी जास्त. एक गाडी आखूड आणि उंच, दुसरी लांब आणि ठेंगणी. एकीवर माणूस पुढे वाकून बसतो, दुसरीवर ताठ, पाय पुढे सोडून.

आधी आम्ही परतूरकडे निघालो. शेगाव-पंढरपूर महामार्ग आमच्याच गावावरून जातो. सिमेंटचा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. अ‍ॅव्हेंजर इथे अगदी राजासारखी चालते. साठच्या वेगात इंजिन कुरकुरत नाही, खांदे मोकळे, मान सरळ, रस्ता दूरवर दिसतो. पल्सरची तऱ्हा वेगळी. तिच्यावर वाकून बसले की मनगटांवर भार येतो आणि उजवा हात आपोआप पिळला जातो. साठवर ती रेंगाळल्यासारखी वाटते. भाच्याने ती ऐंशीच्या पुढे नेली तेव्हा आम्ही मागून हॉर्न वाजवून त्याला थांबवले.

तो म्हणाला, "रस्ता रिकामा होता मामू." दिवसा होता. पण उसाचा हंगाम सुरू झाला की याच रस्त्यावर रात्री ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या उभ्या असतात. कित्येकींना मागे ना दिवा, ना लाल पट्टी. वीस वर्षांच्या नोकरीत आम्ही आमच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या मयतीला गेलो आहोत, आणि त्यांतल्या काही या रस्त्यानेच दिल्या. भाच्याला आम्ही त्यांची नावे सांगितली. एक जण त्याच्याच बाकावर बसायचा. त्यावर तो काही बोलला नाही.

मग पाणंद रस्त्याला लागलो, आणि इथे भाच्याचे म्हणणे खरे ठरले. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मध्ये उंच माती, वळणाला बाभळी. लांब गाडी अशा जागी वळत नाही, दोनदा पुढे-मागे करावी लागते. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी पायांवर उठता येत नाही, सगळा हादरा सरळ कण्यात. पल्सरवर माणूस गुडघ्यांवर जोर देऊन हलका होतो आणि गाडी निघून जाते. पावसाळ्यात तर काळी चिखलमाती चाक आणि मडगार्डच्या मधे भरते, तेव्हा दोन्ही गाड्या सारख्याच अडतात. ज्याला रोज शेतात जायचे आहे, त्याने खरे तर या दोन्हींच्या नादी लागू नये. 100 किंवा 125 सीसीची साधी गाडी हलकी, पेट्रोल कमी पिणारी, आणि गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला येणारी.

पण आपाचे शेत बटाईने दिलेले आहे. भाच्याचे जाणे-येणे डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्याने. आणि मागे बसणार होती आपा. तेव्हा शेवटची परीक्षा तिचीच.

पल्सर 220 ला पुढची आणि मागची सीट वेगळी, मागची उंच. आपाने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय फुटरेस्टवर टेकवला, आणि गुडघा वाकवताना तिच्या तोंडून "या अल्लाह" निघाले. आडवी बसली खरी, पण ब्रेक लागला की ती पुढे घसरायची. गल्लीच्या टोकाला उतरून म्हणाली, "एवढ्या उंच तर मी उंटावरही बसले नव्हते." अ‍ॅव्हेंजरवर ती मदतीशिवाय चढली. गर्दीत गाडी थांबली तरी भाच्याचे दोन्ही पाय जमिनीवर पक्के टेकत होते, त्यामुळे तिने त्याचा शर्ट घट्ट धरला नाही. परत येऊन एवढेच म्हणाली, "ही घ्या."

भाचा दोन दिवस गप्प होता. बावीस वर्षांच्या मुलाला वेगवान गाडी आवडते यात वावगे काही नाही, आणि आम्ही ते त्याला बोलूनही दाखवले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच एक जुनी अ‍ॅव्हेंजर शोधली.

ती घेताना आम्ही जे पाहिले ते वाचकांच्याही कामी यावे. आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, आधीचे कर्ज बाकी आहे का, हे आधी बघावे. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 वर आधीच्या मालकाची सही घ्यावी. नाहीतर उद्या गाडीचा दंड आणि अपघाताची जबाबदारी त्याच्याच नावावर राहते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्याआधीच्या गाडीला ते आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

घरातील स्त्रियांसाठी आणखी एक. मागचे चाक अर्धे तरी झाकणारे गार्ड आणि धरायला मूठ असावी, असा मोटार वाहन नियमच आहे. गाडी उठून दिसावी म्हणून बरीच मुले ते गार्ड काढून टाकतात. ओढणी, बुरखा किंवा साडीचा पदर चाकात जायला एक क्षण पुरतो. आम्ही घेतलेल्या गाडीचे गार्डही काढलेले होते. ते बसवून घेतल्याशिवाय आपाला तिच्यावर बसू दिले नाही.

हेल्मेट दोन घेतली. कायदा मागे बसणाऱ्यालाही तेच सांगतो. आपाला ते जड वाटते, स्कार्फवर नीट बसत नाही अशी तिची तक्रार आहे. एक माप मोठे आणले, आता बरे बसते. गेल्या जुम्याला नमाजनंतर मायलेक परतूरला जाऊन आले. जाताना पाऊण तास लागला. पल्सरवर दहा मिनिटे वाचली असती, असे भाचा अजून म्हणतो.