शेवटचं कडवं

2001 साली एका दिवाळी अंकात मी महाराष्ट्रातली तरुणाई आणि तिचं संगीत या विषयावर लांबलचक लेख लिहिला. त्याच साहित्यातून तासाभराचा एक श्राव्य कार्यक्रम तयार केला आणि पुढची काही वर्षं तो महाविद्यालयांमधून ऐकवत फिरले. त्या दोन्हींतल्या काही चुका माहितीच्या होत्या. त्या कळल्या तशा दुरुस्त केल्या. काही चुका मात्र ऐकण्याच्या होत्या, आणि त्यांच्याविषयी लिहायला मी फार उशीर केला आहे.

लेखाची सुरुवात 1968 मध्ये ऋषिकेशला आलेल्या बीटल्सपासून होती. मग सिमला बीट स्पर्धेच्या 1970 आणि 1971 च्या रेकॉर्डी, मग धोबीतलावचं रंगभवन, तिथे 1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, रॉक मशीन हा बँड आणि त्यानं पुढे घेतलेलं इंडस क्रीड हे नाव. हे सगळं खरं आहे आणि मला आजही प्रिय आहे. रंगभवनात उघड्या आकाशाखाली तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मुलांचा इतिहास लिहिला गेलाच पाहिजे. पण त्या इतिहासाला मी 'महाराष्ट्रातली तरुणाई' असं नाव दिलं. उरलेल्या सगळ्यासाठी शेवटून दुसऱ्या पानावर 'याशिवाय' या शीर्षकाची एक चौकट केली आणि भीमगीतं, कोळीगीतं, शिंदे घराण्याची लोकगीतं, कव्वालीचे मुकाबले, गावोगावचे ऑर्केस्ट्रा असं सारं तिच्यात दाटीवाटीनं कोंबलं.

मी नाशिकरोडला वाढले. गणपतीत मांडवातून, आषाढीला रस्त्यातून आणि 14 एप्रिलला भीमजयंतीच्या कर्ण्यांवरून प्रल्हाद शिंदेंचा एकच आवाज यायचा. विठ्ठलाचं गाणारा गळा तोच, बाबासाहेबांचं गाणारा गळा तोच. वर्गणी गोळा करणारी, खांबावर चढून कर्णे बांधणारी, रात्रभर कार्यक्रम ऐकून सकाळच्या पाळीला कारखान्यात जाणारी मुलं माझ्याच वयाची होती. त्यातली काही माझ्याच वर्गातली होती. लेख लिहिताना त्यांच्यातलं कुणी मला 'तरुणाई' म्हणून आठवलंच नाही. माझ्या लेखी तरुणाई म्हणजे इंग्रजी गाणी ऐकणारी, जीन्स घालणारी, आईबापांशी भांडणारी मुलं. आईबापांबरोबर बसून तेच गाणं गाणारा मुलगा त्या व्याख्येत बसत नव्हता, म्हणून मी त्याला वगळलं आणि व्याख्या तशीच ठेवली.

कॅसेटनं काय घडवलं हेही तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. फिलिप्स कंपनीनं 1963 मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे तिचं राज्य सुरू झालं ते 1980 नंतर, आखातातून टू-इन-वन येऊ लागले आणि पाठोपाठ गुलशन कुमारांच्या टी-सीरिजसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा. त्याआधी गाण्याची रेकॉर्ड निघायची तर मोठ्या कंपनीची मर्जी लागायची आणि ती मर्जी वस्तीतल्या गायन पार्टीवर क्वचितच व्हायची. कॅसेटला दोन डेक आणि एक टेबल पुरायचं. आनंद शिंदेंचं 'नवीन पोपट हा' घराघरांत पोचलं ते याच वाटेनं. शिवाजी पार्कवर 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागायचे. मी हे सगळं 'स्वस्त कॅसेटींचा बाजार' या तीन शब्दांत उरकलं होतं. त्यातल्या 'स्वस्त' या शब्दाचा मला आज राग येतो. कॅसेट स्वस्त होती म्हणून तर ज्यांचा आवाज आधी कुणी मुद्रित केला नव्हता त्यांचा झाला.

याच काळातली माझी आणखी एक करणी आहे. वडिलांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं त्यांना एक कॅसेट दिली होती. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाचं मुद्रण होतं ते. वर निळ्या शाईनं तारीख आणि पार्टीचं नाव होतं. पुसली जाऊ नये म्हणून त्या माणसानं कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही चकत्या आठवणीनं मोडल्या होत्या. मी कॉलेजात होते. मैत्रिणीकडून पिंक फ्लॉइडची कॅसेट एका रात्रीपुरती मिळाली होती आणि कोरी कॅसेट घरात नव्हती. त्या दोन भोकांवर सेलोटेप लावली आणि दोन्ही बाजू भरून घेतल्या. वडिलांनी ती कॅसेट पुन्हा मागितली नाही, पण त्या सहकाऱ्यानं मागितली. सापडत नाही, असं मी सांगितलं. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता कार्यक्रमाबद्दल. चौकटीतल्या विषयाला न्याय द्यावा म्हणून मी नाशिक, मनमाड, कल्याणच्या वस्त्यांमधून बऱ्याच कॅसेटी मागून आणल्या होत्या. तासाभरात जास्तीत जास्त गाणी बसवायची म्हणून प्रत्येकाचा मुखडा आणि दोन कडवी ठेवली आणि पुढे आवाज हळूहळू बारीक करत नेला. कॅसेटींच्या वेष्टनांवर बहुधा गायकाचं नाव असायचं, कवीचं नसायचं. काहींवर 'पारंपरिक' असं छापलेलं होतं. कार्यक्रमाच्या पत्रकात आणि लेखाच्या चौकटीत मी त्या गाण्यांपुढे 'कवी अज्ञात' असं लिहिलं.

2005 मध्ये एका महाविद्यालयात कार्यक्रम झाल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ थांबले. तरुणपणी ते गायन पार्टीत ढोलकी वाजवत.

"जयभीम ताई. तुम्ही गाणी अर्धीच वाजवता."

वेळ कमी असतो, म्हणून दोन कडवी घेतली, असं मी सांगितलं.

"ते ठीक. पण मग कवी अज्ञात कसा काय? शेवटचं कडवं वाजवा की. नाव तिथेच हाय."

आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून ते कडवं म्हटलं. अखेरच्या ओळीत 'वामन' आला. वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 मध्ये जन्मलेले, हजारो गाणी लिहिणारे, गावोगाव हिंडून ती गाणारे वामनदादा. माझं गाव त्यांच्याच जिल्ह्यात. मी 'कवी अज्ञात' छापलं तेव्हा ते हयात होते. मला चूक कळली तोवर 2004 उलटून गेलं होतं. त्या एकाच वर्षी वामनदादाही गेले आणि प्रल्हाद शिंदेही.

मी मराठी घेऊन एम. ए. झालेली बाई. 'तुका म्हणे' कुठे येतं हे मला शाळेपासून ठाऊक. तुकोबांच्या अभंगाचा शेवटचा चरण कापून खाली 'कवी अज्ञात' लिहिण्याची कल्पनाही मी केली नसती. नामदेवांपासून चालत आलेली नाममुद्रेची रीत भीमगीतात, शाहिरीत, कव्वालीत तशीच पाळली जाते आणि तिची जागा ठरलेली असते. हे गाणं अभंगाच्याच घराण्यातलं आहे असं माझ्या मनातच आलं नाही. मानधन क्वचितच मिळणाऱ्या कवीनं आपलं नाव रीतीप्रमाणे गाण्याच्या पोटात ठेवलं होतं. वेष्टनवाल्यांनी ते छापलं नाही आणि मी तर पोटातलंही कापून काढलं.

पुन्हा ऐकायला बसावं तर मूळ आवाज माझ्याकडे नव्हता. हार्ड डिस्क महाग होती, म्हणून संगणकात फक्त कापलेली गाणी ठेवली होती. कॅसेटी ज्यांच्या त्यांना परत दिल्या होत्या. पुन्हा त्यांच्या दारात गेले. काही कॅसेटींना बुरशी आली होती, काहींची फीत गुंतून तुटली होती, आणि काही घरांनी सीडी आल्यावर त्या भंगारात दिल्या होत्या.

ज्या मिळाल्या त्या ऐकताना दुसरा धडा मिळाला. पहिल्या वेळी मी सॉफ्टवेअरनं खरखर काढली होती आणि गाण्याच्या मध्येमध्ये येणारं बोलणं कापलं होतं. ते बोलणं म्हणजे बक्षिसांची घोषणा. गायक कडवं संपलं की थांबतो, पेटी चालूच असते, आणि तो सांगतो: अमक्या चाळीतल्या अमक्या भावाकडून ढोलकीपटूला पाच रुपये, अमक्या महिला मंडळाकडून या गाण्याला अकरा रुपये. मग पुढचं कडवं. मला तो व्यत्यय वाटला होता. आता एका कॅसेटवर तारीख नव्हती, गाव नव्हतं, काहीच नव्हतं. पण बक्षीस देणाऱ्यांमध्ये एका गिरणीच्या साच्याखात्यातले कामगार होते. ती गिरणी 1982 च्या संपानंतर पुन्हा चालू झालीच नाही. म्हणजे मुद्रण त्या संपाच्या आधीचं असणार. कोण ऐकत होतं, कोण किती देत होतं, बायका पुढे बसल्या होत्या की मागे, हे सगळं त्या घोषणांत होतं. तरुण माणसं आपल्या कमाईतले पाच रुपये कुठल्या ओळीवर काढून देतात, याहून चांगला पुरावा तरुणाईच्या इतिहासाला कुठून मिळणार? तो मी कचरा समजून पुसला होता.

खरखर काढण्याचंही तेच. डेकच्या हेडचा कोन किंचित फिरलेला असला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. कॅसेटवाले दुकानदार हेडजवळचा बारीक स्क्रू पेचकसानं केसभर फिरवायचे आणि टाळ-खंजिरी एकदम मोकळी व्हायची. मी स्क्रूला हात न लावता संगणकावर आवाज घासत बसले. त्यात खरखर गेली आणि तिच्याबरोबर टाळही गेले. हे मला कल्याणच्या एका दुकानदारानं दाखवलं. त्यानं तीच कॅसेट आपल्या जुन्या डेकवर लावली तेव्हा कोरसमध्ये एक बाई गातेय हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. माझ्या लेखात एकाही गायिकेचं नाव नव्हतं.

माहितीच्या चुका थोडक्यात सांगते. आंबेडकरी जलशांचे भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांना मी एका छायाचित्राच्या ओळीत एकच माणूस करून टाकलं होतं. भीमरावांनी 1930 च्या दशकात जलसा उभा केला, तेव्हा वामनदादा लहान होते. दोघे नाशिक जिल्ह्यातले, दोघांचं आडनाव एक, आणि मी तपासलं नाही. दुसरी चूक कोळीगीतांत केली. 'मी डोलकर' हे गाणं मी पारंपरिक म्हणून दिलं. ते शांता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेलं आहे. ही दुरुस्ती मात्र वाचकांनी आठवड्याभरात कळवली, संपादकांनी पुढच्याच अंकात छापली. वामनदादांच्या नावाबद्दल चार वर्षं एकही पत्र आलं नव्हतं. तो अंक कुठल्या घरांत जात होता आणि कुठल्या घरांत जात नव्हता, हे त्यावरून मला कळायला हवं होतं.

काम कसं करायचं हे शिकायला मला फार लांब जायची गरज नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका त्यांनी नोंदवला. ते काम पुण्यातून चालू होतं आणि मी ते 'लोकसाहित्य' म्हणून दुसऱ्या कप्प्यात ठेवलं होतं. माझा विषय 'आधुनिक' होता ना.

आता मी पूर्ण गाणं ठेवते, घोषणांसकट, खोकल्यासकट. 2015 नंतर मुंबईतली गल्लीतली रॅप जोरात आली, नेझी आणि डिव्हाइनचं 'मेरे गली में' सगळीकडे वाजू लागलं, तेव्हा मुलं गाण्यातच आपलं नाव आणि आपली गल्ली सांगतात हे माझ्या लगेच लक्षात आलं. एका परिसंवादात ही अमेरिकेतून आलेली रीत असल्याचं सांगितलं गेलं. रॅप तिथून आली हे खरंच आहे, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1970 च्या दशकात ती घडली. पण ज्या पोरानं लहानपणी जयंतीच्या रात्री शेवटचं कडवं ऐकलंय त्याला गाण्यात नाव घालणं कुणी नव्यानं शिकवायला नको, एवढं मी तिथे उठून बोलले. पूर्वी मी बोलले नसते.

नाममुद्रेनं सगळं सुटतं असंही नाही. सध्या माझ्यासमोर एक गाणं आहे. मनमाडच्या मुद्रणात त्याच्या शेवटच्या कडव्यात एका कवीचं नाव येतं, कल्याणच्या मुद्रणात त्याच जागी, त्याच मात्रांत दुसऱ्याचं. कुणीतरी आपल्या गुरूचं नाव घातलं असेल, किंवा स्वतःचं. दोन्ही पार्ट्यांतली माणसं आपलंच खरं म्हणतात आणि दोघांचीही बोलण्याची तऱ्हा प्रामाणिक आहे. मी नोंदवहीत दोन्ही नावं, दोन्ही मुद्रणांची गावं आणि सांगणाऱ्यांची नावं लिहून ठेवली आहेत. हे गाणं कॅसेटच्या आधीपासून म्हटलं जायचं, असं दोघेही सांगतात. म्हणजे कुणाच्या तरी हस्तलिखित गाण्यांच्या वहीत ते असणार. इगतपुरीच्या एका घरात तशी वही आहे असं कळलं आहे. घरातले लोक जयंतीनंतर या म्हणाले आहेत.