टीम लीड झालास, म्हणून

मंगळवेढा

प्रिय छोटू,

तू टीम लीड झाल्याची बातमी आईनं अख्ख्या गल्लीला सांगितली. माझाही ऊर भरून आला. काळजी वाटते ती तुझ्या हाताखाली आलेल्या पोरांची.

हिंजवडीत मी टेस्टिंगला होते, तेव्हाचं सांगते. आमचे मॅनेजर क्लायंटला तारीख देऊन मोकळे व्हायचे, मग आमच्याकडे यायचे. कोडिंग लांबलं की कात्री टेस्टिंगच्या दिवसांना. रिलीजनंतर बग निघाला की मेलमध्ये टेस्टरचं नाव आणि सीसीत सगळे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. कोडिंगमध्ये तर हुकमी एक्का, बढती त्यामुळेच मिळालेली. माणसं सांभाळायला त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. गूगलनं 2009च्या सुमारास आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला, 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' नावाचा. चांगल्या मॅनेजरचे आठ गुण निघाले. पहिला, हाताखालच्या माणसाला घडवणं. तांत्रिक ज्ञान आठवं.

दामाजीपंतांची गोष्ट तर आपल्या गावचीच. दुष्काळात पंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना खुली केली आणि विठोबानं विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन धान्याची रक्कम भरली. कीर्तन रंगतं ते विठूच्या प्रसंगावर. मला त्याआधीचे पंत मोठे वाटतात. कोठारांची कुलुपं निघाली तेव्हा आपल्यासाठी कुणी धावून येणार आहे, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? बिदरचं बोलावणं आपल्याच नावानं येणार, हे मात्र पक्कं ठाऊक असणार. तरी कुण्या कारकुनाला पुढं केल्याचं मी एकाही कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तुझ्यावर क्लायंट चिडेल, तुझे वरिष्ठ चिडतील. त्या कॉलवर पोरांची नावं घेऊ नकोस. तारीख मी दिली होती, म्हण. आणि तारीख देण्याआधी टीमला विचार, टेस्टिंगवाल्यांना आधी. प्रत्येकाशी अधूनमधून अर्धा तास एकट्यानं बोल. तेव्हा कामाचं स्टेटस नको, त्याला पुढं काय शिकायचंय ते विचार. सणाला गावी गेलेल्याला तर फोन नकोच. दिवाळीत तुझं ताट कसं निवायचं, ते आईनं पाहिलंय.

अप्रेझल जवळ आलंय म्हणालास. रात्र जागून सिस्टीम सावरणारा तुला दिसेलच. ज्याच्या नीट कामामुळं जागायची वेळच आली नाही, तो मीटिंगमध्ये बहुधा गप्प बसलेला असतो. त्याचंही नाव वर पाठव, छोटू.

तुझी,
ताई