शक्तितस्तप आणि कुळाची नोंद

मंगरूळपीरच्या बाजारपेठेतील जुन्या व्यापारी घराला आजोबांच्या काळातील उधारीही ठाऊक असते. कोणाकडून किती येणे, कोणाचे देणे फिटले, याच्या वह्या जपून ठेवलेल्या असतात. परंतु घरातील एखादा काका ऐन पंचविशीत अकस्मात कसा गेला, एखादी आत्या वारंवार मूर्च्छित का होत असे, याची नोंद कोठेच नसते. सोयरिकीत अडचण नको म्हणून अशी गोष्ट बहुधा झाकलीच जाते.

हृदयाच्या लयीचे काही विकार वारशाने येतात. ‘लाँग क्यूटी’ हा त्यांपैकी एक प्रमुख. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विद्युत्दृष्ट्या पूर्ववत व्हावे लागते. त्यासाठी पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. त्या सदोष असल्यास हा अवधी लांबतो, लय बिघडते, मूर्च्छा येते आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. सुमारे २००० जन्मांमागे एकास हा विकार असतो. बाधित माता वा पित्याकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता सामान्यतः निम्मी असते.

यातील केसीएनक्यू-१ या जनुकाची वाहिनी केवळ हृदयात नसते; स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींतही ती आढळते. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी या जनुकाच्या काही सामान्य रूपांचा मधुमेहाशी संबंध दाखविला. २०१४ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांना असे आढळले की, या जनुकातील दोषामुळे लाँग क्यूटी झालेल्यांत ग्लुकोज प्यायल्यावर इन्सुलिन प्रमाणाबाहेर स्रवते आणि काही तासांनी रक्तशर्करा फार खाली येते. शर्करा घटली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडते, रक्तातील पोटॅशियम उतरते आणि आधीच लांबलेला अवधी अधिकच लांबतो. हे चक्रवाढ व्याजासारखेच आहे.

या विकारावर प्रोप्रानोलॉलसारखी औषधे देतात. ती हृदयाचे रक्षण करतात. मात्र शर्करा घटल्याची धडधड आणि थरथर ही लक्षणे त्यांमुळे झाकली जातात. घाम तेवढा येत राहतो. उपाशीपोटी, विशेषतः लहान मुलांत, याच औषधाने शर्करा घटूही शकते.

म्हणूनच पर्युषणाच्या दिवसांत हा विषय महत्त्वाचा ठरतो. उपवासात तरुण मुलगी कोसळली की ‘अशक्तपणा’ म्हणून लिंबूपाणी दिले जाते आणि विषय संपतो. तेथे तो संपू नये. धावताना, पोहताना वा दचकल्याने आलेली मूर्च्छा, तसेच कुळातील अकाली, अकारण मृत्यू डॉक्टरांना आवर्जून सांगावेत. ईसीजी ही अल्पखर्चाची तपासणी आहे. परंतु एका ईसीजीत दोष दिसेलच असे नाही, म्हणून कुटुंबाचा पूर्वेतिहास तितकाच मोलाचा. निदान झालेल्याने, तसेच इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्यानेही, वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास करू नये आणि औषध स्वतःहून बंद करू नये.

यात धर्माची हानी नाही. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे, म्हणजे शक्तीनुसार तप. बाह्य तपांत अनशनाबरोबर रसपरित्यागही आहे आणि आभ्यंतर तपांत स्वाध्याय व वैयावृत्त्य आहे. ज्याच्या देहाला अनशन झेपत नाही, त्याच्यासाठी हे मार्ग मोकळेच आहेत. त्याला उपवासाचा आग्रह न करणे आणि घरातील आजार न लपविणे, हीदेखील कुटुंबाने पाळावयाची अहिंसाच होय.